सात मोटारवाले, एक गाडीवान

पोलीस स्टेशन पिंपळटाकळी. दिनांक २७ ऑगस्ट १९७४, सकाळी सव्वादहा.

नाव: वामन किसन अवचार. वय: ४६. धंदा: ट्रक मालक व चालक. शिक्षण: चौथी. राहणार: वरवट बकाल.

मी आज आपल्या पायाने ठाण्यात आलो असून, कोणी बोलावले नसताना, माणिक सखाराम ढगे या गाडीवानाच्या केसमध्ये खालीलप्रमाणे समक्ष सांगतो. त्याची तारीख २ सप्टेंबरला आहे. त्याआधी हे कागदावर यावे, एवढ्यासाठी आलो.

मी तुरुंगात कसा गेलो ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिथलेच आहे. २८ जुलैला मी केळी भरून अकोल्याकडे चाललो होतो. रस्त्यात दारू प्यालो. तपासणीत सापडलो. त्या दारूची खरी किंमत अशी पडली: दारू चार रुपयांची. दंड दोनशे. साधी कैद एकवीस दिवस. लायसन्स सहा महिने जमा. केळी ठाण्याच्या आवारात काळी पडली, ती शेवटी गाईंनी खाल्ली. मुलीच्या सासरहून निरोप आला की व्याही कुठे आहेत, तेव्हा माझी बायको अन्नपूर्णा हिने मद्रासकडचे लांबचे भाडे लागले आहे असे सांगितले. तिच्या तोंडून मी पंचवीस वर्षांत दुसरे खोटे ऐकले नव्हते, ते या हिशेबात धरलेले नाही. मी तेराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, आज माझ्या दोन गाड्या आहेत. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरीत दारू पिऊन स्टिअरिंगला हात लावला तो एकदाच, आणि एकदाच पकडलो गेलो.

माझे कान चांगले आहेत, हे सांगणे जरूर आहे. बोनेट न उघडता इंजिनाचे दुखणे सांगतो. माणसाचेही बहुतेक कळते. म्हणून पुढे जे शब्द ऐकले असे सांगेन ते जसेच्या तसे धरावेत.

तुरुंगात सकाळी गिनती होते ती जोडीने. दोघे दोघे उकिडवे बसतात, शिपाई काठीने जोड्या मोजत जातो. गिनतीला जो शेजारी बसला तोच दिवसभर जोडीदार. विहिरीचे पाणी ओढायचे, आवार झाडायचे, सगळे त्याच्यासोबत. मी गेलो तेव्हा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या शिक्षेवर आलेले आम्ही सात जण होतो. बाकीच्या सहांनी आपसात तीन जोड्या केल्या होत्या. सातवा मी उरलो. शिपाई म्हणाला, हा बी दारूवालाच आहे, याच्याजवळ बस. तो माणिक. कच्चा कैदी होता, जामीन राहणारा कोणी मिळाला नव्हता.

माणिकचे वय चाळीसच्या आत असावे, दिसतो पन्नासचा. स्वतःची बैलजोडी, भाड्याने गाडी हाकतो. त्याच्यावर आरोप असा की, यंदा अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दारूच्या नशेत बेफाम गाडी हाकून लेंडी नाल्याच्या पुलाजवळ ती पलटी केली आणि गाडीतली बाई मेली. ती बाई मनकर्णाबाई, त्याची थोरली बहीण. सणाला तिला माहेरी आणायला तो गेला होता. आई गेल्यापासून तिला आणणारा तोच.

हे मला त्याने एकदम सांगितले नाही. पाणी ओढताना दोराला दोघे लागतात. एक ओढतो, एक सोडतो, त्यात थोडे थोडे बोलणे होते. चौथ्या दिवशी त्याने सांगितले की मागून मोटार आली आणि डाव्या चाकाला लागून गेली. गाडीचा कणा मोडला. पोलिसांनी विचारले, मोटार कोणती? त्याला सांगता आले नाही, तो बहिणीकडे पाहत होता. कडक रस्त्यावर चाकोरी उमटली नव्हती. गाडीतून सांडलेल्या कडब्यावर एक बाटली मिळाली, अर्धी सांडलेली. तिची दारू त्याच्या धोतराला लागली होती, कारण तो तिथेच गुडघ्यावर बसून बहिणीला ओढत होता. डॉक्टरने लिहिले, कपड्यांस दारूचा वास.

तो म्हणाला, "बाटली भेटली म्हणतेत. बूच कुठी गेलं? म्या खाल्लं काय?"

शेजारी दोघेतिघे होते ते हसले. मीही हसलो. तो पुढे म्हणाला की पंचनाम्यात बाटलीच्या गळ्याला तांब्याची बारीक तार लिहिली आहे. बैलगाडीवाल्याजवळ तांब्याची तार कुठून येणार, हे वकिलाला सांगायचे होते, पण सरकारी वकील कोण आणि आपला कोण हे त्याला पहिल्या तारखेला समजले नाही. दोर माझ्या हातात होता, तो सुटला, बादली खाली गेली. त्याने गळ टाकून काढली.

५ ऑगस्टला तुरुंगात बुलढाण्याच्या कॉलेजातले प्राध्यापक उत्तम तायडे आले. दारू पिऊन गाडी चालवणारे कैदी आणि बाकीचे कैदी यांच्या घरच्या परिस्थितीत फरक काय, याचा ते अभ्यास करत होते. छापील फॉर्म होते. मोटारवाल्यांचा पिवळा, बाकीच्यांचा पांढरा. एकतीस प्रश्न: बाप काय करतो, घर मातीचे की विटांचे, शाळा कितवीपर्यंत, आधी शिक्षा झाली काय, अशा तऱ्हेचे. साहेब शुद्ध बोलत, कैद्यांना अर्धे कळत नसे. अधीक्षकांनी मला लिहिण्याच्या मदतीला दिले, कारण माझे अक्षर बरे आहे आणि मी कोणाशीही बोलू शकतो. चार दिवस मी त्यांच्याजवळ बसून लिहिले. पांढरे फॉर्म चौतीस झाले.

माणिकचा फॉर्म कोणत्या रंगाचा, यावर साहेब थोडे थांबले. त्यांनी मला विचारले, बैलगाडी हे वाहन धरायचे का? मी म्हणालो, सरकारने धरले आहे, आपण कोण नाही म्हणणारे. माणिकला पिवळा फॉर्म दिला. म्हणून पिवळे आठ.

फरक मला चार दिवसांत दिसला तो सांगतो. पिवळ्यातल्या आम्हा सातही जणांची घरे पक्की. सहांच्या बायका घरी, एक विधुर. पाच जण सातवीच्या पुढे शिकलेले, एक तर वकिलाचा मुलगा. आधी तुरुंग कोणी पाहिला नव्हता. फाटकाजवळ चपला काढून ठेवतात तिथे बुटांचे जोड सहा, माझी चप्पल सातवी, बाकी जागा रिकामी. पांढऱ्यातल्या चौतिसांत सही करणारे चार. अकरा जण आधी येऊन गेलेले. लहानपणी आई किंवा बाप गेलेले पंधरा, त्यांतले काही कोणाच्या घरी वाढले ते त्यांनाच नीट माहीत नाही. फॉर्म संपल्यावर पांढरेवाले विचारत, साहेब, चहा भेटन काय? पिवळेवाले विचारत, नाव छापून येईल काय?

सतरावा प्रश्न होता, यापूर्वी दारू पिऊन वाहन चालवले होते काय? पांढऱ्यांना तो वेगळ्या रीतीने होता, दारू किती वर्षांपासून पिता? ते सांगून टाकत. एक जण म्हणाला, मायचं दूध सुटलं तवापासून. त्याने चोरीही पिऊनच केली होती, तेही सांगितले. पिवळ्यातल्या सातांच्या पुढे मी सातही वेळा प्रथमच असे लिहिले. सातवा फॉर्म माझा होता, तो मीच भरला. साहेब म्हणाले, अवचार, कमाल आहे, जिल्ह्यात सगळ्यांनी पहिल्यांदा प्यायचं म्हटलं की त्याच दिवशी पोलीस उभे. मी म्हणालो, पोलिसांचे नशीब. ते हसले.

आठवा पिवळा माणिकचा. त्याला मीच विचारले. तो म्हणाला, "पंधरा वर्सं पेलो भाऊ. लय पेलो. गाडी बैलं आपोआप घरी आणत. मंग बाईनं मले हिवरा आश्रमात नेलं, तिच्याच डोक्शावर हात ठेवून सोडली. सात वर्सं झाली." बाई म्हणजे बहीण. मी त्याला हळू सांगितले की इतके सांगू नको, हे तुझ्याविरुद्ध जाईल. तो म्हणाला, "पोलिसाईलेबी हेच सांगतलं. पेत होतो त पेत होतो." आपल्या ठाण्याच्या कागदांत आरोपी पूर्वीचा व्यसनी असे आहे ते त्याच्याच तोंडचे आहे. सात वर्षांचे पुढचे वाक्य कागदात आहे की नाही, मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. पिवळ्यातले एक पंजाबराव. सोसायटीचे चेअरमन, साठ एकर बागायत, स्वतःची जीप. त्यांचा डबा रोज घरून येई. माणूस दिलदार, डब्यातले भरीत सगळ्यांना देत. मलाही दिले, ते मी खाल्ले. त्यांच्या फॉर्ममध्ये बाविसावा प्रश्न, वाहनाला यापूर्वी अपघात झाला काय, याच्यापुढे त्यांनी नाही असे लिहवले.

८ ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास फॉर्म संपले. साहेब अधीक्षकांकडे गेले. मी वऱ्हांड्यात बसून बेरजा करत होतो. सात-आठ हातांवर पंजाबराव आणि दुसरे दोघे डबा सोडून बसले होते. गोष्ट मजबूत गाडी कोणाची, यावर निघाली होती. पंजाबराव म्हणाले, "आमच्या जीपनं यंदा अखजीच्या वख्ती लेंडीच्या पुलावर बैलगाडी घासली. हालली नाई बापा. बंपर वाकलं तेवढं, ते अकोल्यात सरळ करून घेतलं."

एकाने विचारले, मग गाडीचे काय झाले?

"मागं कोन पाह्यते? बसला असन शिव्या देत."

त्या वेळी माणिक तिथेच होता. पिण्याच्या पाण्याची पाळी आमच्या जोडीची होती. मी लिहिण्यात होतो म्हणून तो एकटाच घागर घेऊन फिरत होता. पंजाबरावांच्या तांब्यात पाणी घालून तो नुकताच पुढच्या बराकीकडे वळला होता. त्याने ऐकले नसावे. ऐकले असते तर घागर हातात राहिली नसती, असे मला वाटते. तो आपल्या चालीने गेला.

मी उठून पंजाबरावांजवळ गेलो आणि विचारले की तुमच्या तांब्यात पाणी कोणी घातले ते माहीत आहे काय? त्यांनी पाहिले. मी सांगितले की हाच तो गाडीवान, आणि गाडीत त्याची बहीण होती, ती गेली. पंजाबरावांनी हातातला घास खाली ठेवला. बाकीचे दोघे हात धुवायला उठले ते परत आले नाहीत. पंजाबराव म्हणाले, "मले खरंच माहीत नोतं, वामनराव." ते खरे होते. माझ्या कानाला ते खरे वाटले आणि आजही तसेच सांगतो.

संध्याकाळी गिनतीच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतले. बोलणे शांतपणे झाले. म्हणाले, पोरींची लग्ने आहेत, सोसायटीची निवडणूक आहे, गाडीवानाच्या घरी आपण धान्य पोचवू, वकीलही लावू. मग म्हणाले, "तुमचं लायसन मोकळं करायचं पाहू. परमिटचंबी काम होऊन जाईन. मोटारवाल्यानं मोटारवाल्याले नाई सांभाळलं त कोन सांभाळन?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी गिनतीला त्यांनी मला आपल्या जोडीला बसायला बोलावले, त्यांचा जोडीदार सुटून गेला होता. मी माणिकजवळच बसलो. याचा अर्थ मी तेव्हाच काही ठरवले होते असा कोणी लावू नये. जागा सवयीची झाली होती.

१८ ऑगस्टला मी सुटलो. निघताना माणिकने विचारले, "काऊन भाऊ, गावाकडं जाऊन राह्यले त आमच्या बैलाईकडं पाहून घेसान?" त्याची बायको रुख्मिणी बैल सांभाळते, पण एक बैल तिला खांद्याला हात लावू देत नाही. मी मुद्दाम २० तारखेला गेलो. बैलाच्या खांद्याची जखम भरली आहे. मोडकी गाडी दारात उलटी पडून आहे, डाव्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर हिरवा रंग लागलेला आहे. पंजाबरावांची जीप हिरवी आहे. रंग अजून दिसतो, आपण जाऊन पाहावा. पंचनाम्याच्या वेळी ते चाक खाली होते असे रुख्मिणी म्हणाली. बंपर सरळ करणारा मिस्त्री अकोल्यात कोण ते मला ठाऊक नाही, पण जीपचे काम करणारे तिथे तीनच आहेत, मी तिघांना ओळखतो. नावे वेगळी लिहून देतो.

इथल्या ठाणे अंमलदार साहेबांनी विचारले की सुटून नऊ दिवस झाले, त्याआधी का आला नाहीत? २० तारीख सोडली तर मी घरीच होतो.

साहेबांनी विचारले की जीप लागली हे धरले तरी बाटलीचे काय? आरोपी नशेत होता म्हणूनच जीपच्या आडवा आला, असे पंजाबराव म्हणतील. हे बरोबर आहे. बाटली आहे तोवर माणिक सुटत नाही. बाटलीबद्दल मी आधी जबाब वाचून ऐकतो, मग सांगतो, असे साहेबांना म्हणालो. पाणी मागितले, ते दिले.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला, मी कान देऊन ऐकला. पंजाबराव, माणिक, प्राध्यापक यांचे बोलणे जसे ऐकले तसेच उतरले आहे. माझ्या स्वतःबद्दल एका ठिकाणी चूक आहे. साहेब वाचत असताना ती माझ्या कानाला लागली. वरचे खोडू नये, तसेच राहू द्यावे, खाली दुरुस्ती लिहावी अशी विनंती केली, ती साहेबांनी मान्य केली.

दुरुस्ती. अखजीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता लेंडी नाल्याच्या पुलावर मी माझा ट्रक घेऊन त्या जीपच्या मागे शंभर हातांवर होतो. क्लीनर सणाला गेलेला, मी एकटाच होतो. बाटली मांडीत होती, अर्धी प्यालेली. बैलगाडी डाव्या बाजूने नीट चालली होती. जीप लागली, गाडी पलटली, जीप गेली. गाडीवान उठला आणि रस्त्यावर येऊन त्याने मला दोन्ही हात केले. तो म्हणाला, "थांबा हो भाऊ, बाई दबली." इंजिनाच्या आवाजात ते मला स्पष्ट ऐकू आले. पुढे लोक जमतील, पोलीस येतील, म्हणून मी बाटली खिडकीतून बाहेर टाकली. ती त्याच्या कडब्यावर पडली. मी थांबलो नाही. ट्रकच्या जॅकने ती गाडी दोन मिनिटांत उचलली गेली असती. जॅक माझ्या पायाशी होता.

तुरुंगात पहिल्या सकाळी शेजारी बसल्यावर मी त्याला ओळखले. त्याने मला ओळखले नाही. ट्रकच्या काचेवर ऊन होते.

पंचनाम्यातली बाटली माझी आहे. जुनी, औषधाची, तपकिरी. तिला बूच मिळाले नाही, कारण टाकताना तार तुटली आणि बूच माझ्या ट्रकमध्येच राहिले. पुढे अन्नपूर्णाने ट्रक झाडताना ते उचलले आणि घरी रॉकेलच्या बाटलीला लावले. सुटून आल्यावर नऊ दिवस ते मी रोज दिवा लावायच्या वेळी पाहिले. काल मी ते काढायला लागलो तेव्हा तिने विचारले, "कायले पाह्यजे?" मी सांगितले. सगळे सांगितले. तिने रॉकेलच्या बाटलीला चिंधीचा बोळा लावला आणि बूच धुऊन माझ्या हातात दिले.

ते बूच आज समक्ष हजर करत आहे. त्याला अडीच इंच तांब्याची तार आहे. साहेबांनी मुद्देमालातून बाटली आणवली आणि तारेची दोन्ही टोके माझ्यासमोर जुळवून पाहिली. जुळतात.

ही दुरुस्तीही वाचून दाखवली, ऐकली, बरोबर आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. प्राध्यापकांना पत्र लिहून सातव्या पिवळ्या फॉर्मवरचे सतराव्या प्रश्नाचे उत्तर बदलायला मी आजच सांगणार आहे. साहेबांनी शेवटी विचारले की बुचाला तार कोणी आणि कधी बांधली? गाडी खड्ड्यात आदळली की बूच उडून दारू सांडत असे, म्हणून मीच बांधली. त्याला तीन वर्षे झाली.

सही: वामन किसन अवचार
समक्ष: ठाणे अंमलदार, पिंपळटाकळी